जुन्या व्यावसायिक बिनतारी संचांचे हौशी रूपांतर

पोलीस, वन विभाग, पाटबंधारे खाते, वीज मंडळ, रेल्वे आणि खासगी उद्योग यांच्या सेवेतून बाद झालेले दुतर्फी बिनतारी संच दुरुस्त करून, हौशी रेडिओ सेवेला नेमून दिलेल्या वारंवारतांवर चालतील असे फेरफार त्यांत करणे, याला जुन्या व्यावसायिक संचांचे हौशी रूपांतर म्हणतात. हौशी रेडिओ म्हणजेच बोलीभाषेतील हॅम रेडिओ. ही परवानाप्राप्त सेवा असून तिचा हेतू स्वयंशिक्षण, प्रयोग आणि आपसांतील संपर्क हा आहे. व्यापारी संदेशांना तीत मज्जाव आहे. रूपांतर प्रामुख्याने १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यासाठी केले जाते. या पट्ट्याला त्याच्या तरंगलांबीवरून ‘दोन मीटर’ असे नाव पडले आहे. त्याखालोखाल ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा येतो. भारतातील हौशी सेवेसाठी या भागात याच मर्यादा लागू आहेत. अमेरिकेत पहिला पट्टा १४८ पर्यंत आणि दुसरा ४२० ते ४५० असा विस्तीर्ण असल्याने परदेशी पुस्तिकांतील रूपांतराच्या सूचना इथे जशाच्या तशा उचलता येत नाहीत.

पार्श्वभूमी

एका कामासाठी घडवलेला रेडिओ दुसऱ्या कामाला लावण्याची परंपरा हौशी रेडिओइतकीच जुनी आहे. मुंबईत ग्यानचंद मोटवाने यांच्यासारख्या हौशी मंडळींनी १९२० च्या दशकात प्रक्षेपणाचे प्रयोग केले, तेव्हा बाजारात तयार संच जवळजवळ नव्हतेच. दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये ब्रिटिश सरकारने हौशी परवाने रद्द केले. पुढे छोडो भारत आंदोलनाच्या काळात, १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत, उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून गुप्तपणे चालवलेल्या काँग्रेस रेडिओचा प्रेषक नरिमन प्रिंटर यांनी उभारला होता. हे केंद्र ४२.३४ मीटरवर ऐकू येई. या तरंगलांबीचे वारंवारतेत रूपांतर केले तर उत्तर सुमारे ७.०८ मेगाहर्ट्‌झ येते, आणि ही जागा हौशी मंडळींच्या चाळीस मीटर पट्ट्यात मोडते. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात केंद्राचे नाव आढळते. ते केंद्र ज्या तांत्रिक वर्तुळातून उगवले त्याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

युद्ध संपल्यावर चित्र पालटले. लष्कराने मोडीत काढलेले संच जगभरच्या बाजारांत मातीमोल भावाने येऊ लागले. विमानात वापरला जाणारा एससीआर-५२२ हा संच १०० ते १५६ मेगाहर्ट्‌झ या टप्प्यात स्फटिकाने ठरवलेल्या चार वाहिन्यांवर चाले. दोन मीटरचा पट्टा त्याच्या कक्षेत आयताच असल्याने अनेक देशांतील हौशी मंडळींनी त्याचे सुटे भाग उपयोगात आणले. रणगाड्यांसाठी बनवलेला ‘नंबर १९’ हा ब्रिटिश संच तर २ ते ८ मेगाहर्ट्‌झ या टप्प्यात चालत असल्याने सात मेगाहर्ट्‌झच्या हौशी पट्ट्यासाठी त्यात मूलभूत बदल करण्याची गरजच नव्हती. चिलखती दलाचे केंद्र असलेल्या अहिल्यानगरात, म्हणजे २०२४ पूर्वीच्या अहमदनगरात, रणगाड्यांचे मोठे संग्रहालय आहे. तेथील वाहने पाहताना लक्षात ठेवावे की त्या काळातील रणगाड्याचे निम्मे बळ त्याच्या बिनतारी संचात होते.

स्वातंत्र्यानंतर परदेशी हौशी संच आयात करणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. जकात जबर होती. १९८४ मध्ये ती शिथिल झाली. स्वतः परवानाधारक हौशी असलेले आणि व्हीयू२आरजी या संकेतनामाने ओळखले जाणारे राजीव गांधी यांचे नाव या संदर्भात घेतले जाते. तोवर भारतीय हौशी मंडळींपुढे दोनच मार्ग होते : संच स्वतः बांधणे किंवा मोडीतला संच जिवंत करणे.

संच येतात कोठून

महाराष्ट्रात १९७० ते २००० या काळात बिनतारी यंत्रणा हा शासकीय कामाचा कणा होता. पोलीस ठाणी, वनपरिक्षेत्रे, धरणांवरील पूरनियंत्रण कक्ष, वीज उपकेंद्रे आणि रेल्वे स्थानके यांत साधारण १० ते २५ वॅट शक्तीचे व्हीएचएफ संच असत. ग्रामीण भागात दूरध्वनीची जोडणी मिळण्यास वर्षे लागत, त्या काळात हा एकच भरवशाचा दुवा होता. हे संच भारत इलेक्ट्रॉनिक्स, बडोद्याची गुजरात कम्युनिकेशन्स अँड इलेक्ट्रॉनिक्स, मोहालीची पंजाब वायरलेस अर्थात पनवायर अशा देशी कारखान्यांतून येत; नंतरच्या काळात मोटोरोला, केनवूड, आयकॉम यांच्या संचांचे प्रमाण वाढले. भ्रमणध्वनीचे जाळे पसरल्यावर आणि पोलीस दले अंकीय यंत्रणेकडे वळू लागल्यावर जुने संच निर्लेखित झाले, म्हणजे कागदोपत्री बाद ठरले.

अशाच स्वरूपाची लाट परदेशातूनही आली. अमेरिकेच्या संघराज्य दूरसंचार आयोगाने १५० ते १७४ मेगाहर्ट्‌झमधील व्यावसायिक वापरकर्त्यांना १ जानेवारी २०१३ पर्यंत वाहिनीची रुंदी २५ किलोहर्ट्‌झवरून १२.५ वर आणण्याचे बंधन घातले. जे संच अरुंद वाहिनीवर चालू शकत नव्हते ते एका फटक्यात निरुपयोगी ठरले. त्यांत काहीही बिघाड नव्हता. फक्त नियम बदलला होता. हौशी सेवेला तो नियम लागू नसल्याने हे संच तिच्या पदरात पडले.

पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, तसेच सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ही ठिकाणे विद्युतयंत्रांच्या हौशी मंडळींना परिचित आहेत. तथापि बिनतारी संच हा पंखा किंवा मिक्सर नव्हे. तो कोणाकडून घेतला, त्याचा अनुक्रमांक काय आणि विक्रेत्याला तो विकण्याचा अधिकार आहे काय, हे कागदावर असल्याशिवाय घेऊ नये. शासकीय मालमत्तेचा शिक्का असलेला पण निर्लेखनाचा दाखला नसलेला संच कितीही स्वस्त मिळाला तरी महागच पडतो.

व्यावसायिक संचाचे वेगळेपण

खास हौशी वापरासाठी बनवलेल्या संचात पुढच्या बाजूला फिरवण्याची कळ असते आणि तिच्यामुळे हव्या त्या वारंवारतेवर जाता येते. व्यावसायिक संचात ही सोय मुद्दाम ठेवलेली नसते. हवालदाराने किंवा वनरक्षकाने फक्त वाहिनीचा क्रमांक निवडायचा. त्या क्रमांकामागची वारंवारता तंत्रज्ञाने आधीच बसवलेली असते. रूपांतराची सारी खटपट या एका भेदातून उद्भवते.

या बंधनाच्या बदल्यात मिळणारा लाभ मात्र मोठा आहे. व्यावसायिक संचाची पेटी बहुधा ओतीव धातूची असते आणि तीच उष्णता बाहेर टाकण्याचे काम करते. जीपच्या धक्क्यांत आणि धुळीत दहा-वीस वर्षे काढण्यासाठी तो घडवलेला असतो. त्याहून महत्त्वाचा आहे त्याचा ग्राही, म्हणजे ऐकणारा भाग. अँटेनाकडून आलेला संकेत प्रथम मळसूत्री तारांच्या अनुनादकांमधून, ज्यांना हेलिकल रेझोनेटर म्हणतात, गाळला जातो. ही गाळणी अरुंद असते. शेजारच्या टेकडीवर दूरचित्रवाणीचा, एफएमचा किंवा पेजरचा बलाढ्य प्रेषक असला तरी असा ग्राही गोंधळत नाही. दोन-अडीच हजार रुपयांना मिळणारे आजचे चिनी हातसंच दिसायला चटपटीत असले तरी त्यांचा ग्राही चोहोबाजूंनी उघडा असतो आणि शहरात नको ते संकेत एकमेकांत मिसळून कर्कश आवाज ऐकवतो. संपर्काच्या शुद्धतेचा विचार केला तर पंचवीस वर्षांचा जुना पोलीस संच त्यांच्यापेक्षा निःसंशय सरस ठरतो.

परंतु हीच अरुंद गाळणी रूपांतराच्या आड येते. व्यावसायिक व्हीएचएफ संच एकाच मुशीतून निघालेले नसतात. १३६ ते १७४ हा प्रशस्त पट्टा कारखाने दोन-तीन तुकड्यांत विभागून वेगवेगळे नमुने बनवतात. उदाहरणार्थ मोटोरोलाचा जीएम३०० हा १९९० च्या दशकातील बहुपरिचित वाहनसंच १३६ ते १६२ आणि १४६ ते १७४ अशा दोन नमुन्यांत मिळे. पहिला मिळाला तर दोन मीटरचा पट्टा त्याच्या कक्षेतच आहे. दुसरा मिळाला तर आपला पट्टा कुंपणाला लागून, पण कुंपणाबाहेर असतो. संच उघडण्यापूर्वी पाठीमागची पट्टी वाचून नमुना क्रमांक टिपून घेणे हे या कामातील पहिले आणि सर्वांत फायद्याचे पाऊल होय.

आधी दुरुस्ती, मग रूपांतर

बिघडलेल्या संचात बदल करत बसणे म्हणजे दोन अज्ञात राशींचे समीकरण एकाच माहितीवर सोडवणे होय. म्हणून संच ज्या वारंवारतेसाठी बनला आहे तेथे तो नीट ऐकतो की नाही हे आधी पाहावे. प्रेषणाची चाचणी मात्र ५० ओहमच्या कृत्रिम भारावरच घ्यावी लागते. असा भार शक्तीचे उष्णतेत रूपांतर करतो आणि ती आकाशात जवळजवळ जाऊ देत नाही. संचाच्या मूळ वारंवारता आजही पोलिसांच्या किंवा रुग्णवाहिकांच्या असू शकतात; त्यांवर अँटेना लावून एक शब्दही बोलणे गुन्हा आहे.

बिघाड बहुतेक वेळा साधे असतात. सर्वाधिक आढळणारा बिघाड विजेच्या प्रवेशद्वारापाशी असतो. वाहनाच्या विजेरीची टोके कोणी उलटी जोडली, की तेथे पहाऱ्यासाठी ठेवलेला डायोड स्वतः जळून संचाला वाचवतो आणि त्यानंतर कितीही फ्यूज घातले तरी ते तात्काळ उडतात. तो डायोड बदलताच निम्मे ‘मेलेले’ संच उठून बसतात. १२ व्होल्टचा संच ट्रकच्या २४ व्होल्टला जोडला गेला असेल तर हानी अधिक खोलवर असते. विद्युतविच्छेद्य धारित्रे, म्हणजे बाजारातील भाषेत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, काळाच्या ओघात वाळतात. त्यामुळे आवाज मंद होतो किंवा त्यात घरघर येते. आवाजाची कळ फिरवताना खरखर होणे, मायक्रोफोनची वेटोळी वायर आतून तुटणे आणि बोलण्याच्या बटणाखालचा रबर कडक होणे ही वार्धक्याची नेहमीची लक्षणे आहेत.

प्रेषकाचे शेवटचे शक्तिवर्धक ट्रान्झिस्टर ही त्यातल्या त्यात महाग बाब आहे. अँटेना नसताना बटण दाबले गेले, तर परावर्तित शक्तीने तेच प्रथम बळी पडतात. त्यांच्याविषयी एक इशारा प्रत्येक विद्यार्थ्याला द्यायला हवा. जुन्या शक्तिवर्धकांतील पांढऱ्या चिनीमातीसारख्या तबकडीत बेरिलियम ऑक्साइड असू शकते. अखंड असताना ते निरुपद्रवी आहे, पण फोडल्यास किंवा घासल्यास त्याची धूळ फुप्फुसांना गंभीर व कायमची इजा करते. जळका ट्रान्झिस्टर आत काय आहे हे पाहण्यासाठी कधीही फोडू नये.

हातसंचांच्या बाबतीत मुख्य प्रश्न निकेल-कॅडमियम विजेरीचा असतो. ती मृत झालेली असतेच. तिच्या पेटीत लिथियमचे घट बसवण्याची क्लृप्ती अनेकांना सुचते, परंतु मूळ चार्जर त्या घटांसाठी बनलेला नसल्याने आग लागण्याचा धोका असतो. घट बदलले तर चार्जरही बदलावा.

स्फटिकी संचाचे रूपांतर

१९८० पूर्वीच्या बहुतेक संचांत प्रत्येक वाहिनीसाठी क्वार्ट्‌झ स्फटिकांची एक जोडी असे : एक बोलण्यासाठी, एक ऐकण्यासाठी. स्फटिक तुलनेने कमी वारंवारतेवर कंप पावतो आणि पुढची मंडले ती पटीत वाढवतात. एखाद्या संचात प्रेषकाची पट बारा असेल, तर १४५.५०० मेगाहर्ट्‌झवर बोलण्यासाठी १२.१२५ मेगाहर्ट्‌झचा स्फटिक लागेल. ऐकण्याचा हिशेब थोडा वेगळा आहे. ग्राहीत आलेला संकेत प्रथम १०.७ मेगाहर्ट्‌झ या मध्यम वारंवारतेवर उतरवला जातो, म्हणून १४५.५ मधून १०.७ वजा करून उरलेल्या १३४.८ ला पटीने भागावे लागते. पट नऊ असेल तर उत्तर १४.९७७८ येते. शाळेत दशांश अपूर्णांकांचा उपयोग काय असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यापुढे ठेवण्याजोगे हे उदाहरण आहे, कारण येथे चौथ्या स्थानावरील चूक नऊपट होऊन पुढे येते.

असे स्फटिक पूर्वी मागणीनुसार घडवून मिळत. आता ते काम करणारे थोडे उरले आहेत. त्यामुळे स्फटिकी संचात छोटा अंकीय वारंवारता-जनक बसवून स्फटिकाच्या जागी त्याचा संकेत देण्याची पद्धत रूढ झाली आहे. हे करताना जनकाचा संकेत स्वच्छ असणे अगत्याचे आहे, कारण त्यातील अशुद्धीही पटीने वाढते. स्फटिक वयोमानाने सरकतात हेही विसरू नये. दशलक्षात पाच भाग इतकी चूक १४५ मेगाहर्ट्‌झवर ७२५ हर्ट्‌झ होते. ती सुधारण्यासाठी संचात बारीक समायोजक असतो.

वारंवारता बदलल्यावर गाळण्या आणि वर्धक नव्या जागी जुळवून घ्यावे लागतात. त्यासाठी फेराइटच्या गाभ्यांना किंवा लहान बदलत्या धारित्रांना अधातूच्या पेचकसाने हळूहळू फिरवतात. लोखंडी पेचकस वापरल्यास त्याच्या सान्निध्यानेच जुळणी ढळते, आणि जुना फेराइटचा गाभा तर थोड्या जोरानेही तडकतो.

संश्लेषक असलेला संच

१९८० नंतर एकाच संदर्भ-स्फटिकावरून हवी ती वारंवारता निर्माण करणारे संश्लेषक मंडल प्रचारात आले. त्यात व्होल्टतेने नियंत्रित होणारा एक दोलक असतो आणि एक कुलूप-मंडल त्याला सतत योग्य वारंवारतेवर खेचून धरते. वाहिन्यांची यादी स्मृतिचिपमध्ये साठवलेली असते. सुरुवातीच्या संचांत ही चिप काचेची खिडकी असलेली इप्रॉम असे. २५४ नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील प्रकाशात पंधरा-वीस मिनिटे ठेवल्यावर ती कोरी होते आणि मग पुन्हा लिहिता येते. नंतरच्या संचांत संगणकाला तार जोडून ही यादी बदलता येऊ लागली.

येथे एक वेगळीच अडचण उभी राहते. संच धडधाकट असतो, पण त्याच्याशी बोलणारी आज्ञावली काळाच्या पडद्याआड गेलेली असते. जीएम३०० च्या पिढीची आज्ञावली डॉस प्रणालीवर चालणारी आहे आणि तिचे वेळेचे हिशेब त्या काळच्या मंदगती संगणकावर बेतलेले आहेत. आजच्या वेगवान संगणकावर, तेही यूएसबीला जोडलेल्या अनुकूलकातून, ती बहुधा संवाद पूर्ण करू शकत नाही, आणि लिहिणे अर्ध्यावर तुटले तर संचाची स्मृतीही बिघडू शकते. म्हणून या छंदातील अनुभवी मंडळी जुना, सिरियल पोर्ट असलेला संगणक फेकून न देता जपून ठेवतात. काही केनवूड व आयकॉम संचांसाठी चर्प नावाची मुक्त आज्ञावली उपलब्ध असल्याने नवशिक्याने सुरुवात तशा संचापासून करणे इष्ट. संचातील मूळ माहिती वाचून तिची प्रत जपणे आणि मगच पुसणे, हा क्रम कोणत्याही संचात मोडू नये.

आज्ञावलीने १४५.५०० स्वीकारले म्हणजे काम फत्ते झाले असा गैरसमज सार्वत्रिक आहे. यादीत आकडा लिहिणे आणि दोलकाने तेथे पोहोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोलकाचा आवाका १५० पासून वर असेल तर कुलूप लागत नाही. संच सतत पिपाणीसारखा आवाज करतो किंवा बोलण्यास साफ नकार देतो. अशा वेळी दोलकाच्या मंडलात किंचित धारिता वाढवावी लागते. किती, याचा हिशेब सोपा आहे. वारंवारता ही धारितेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून १५० वरून १४५ वर येण्यासाठी धारिता या दोन संख्यांच्या भागाकाराच्या वर्गाइतकी, म्हणजे सुमारे १.०७ पट करावी लागते. मंडलाची एकूण धारिता २० पिकोफॅरड असेल तर भर पडते ती जेमतेम १.४ पिकोफॅरडची. डाखाचा एक फाजील थेंब किंवा अर्धा इंच जास्तीची तारसुद्धा एवढी धारिता निर्माण करू शकते. याच कारणाने हे काम धीराचे आहे.

कुलूप लागल्यावरही तपासणी संपत नाही. प्रेषकाची शक्ती, वारंवारता आणि आवाजाने होणारे विचलन मोजावे लागते. २५ किलोहर्ट्‌झच्या वाहिनीत हे विचलन ५ आणि १२.५ च्या वाहिनीत २.५ किलोहर्ट्‌झपर्यंत ठेवतात. त्यानंतर पटीतील अनिष्ट संकेत पाहावे लागतात. १४५ ची तिप्पट ४३५ होते, म्हणजे गाळणी सदोष असेल तर आपलाच दोन मीटरचा आवाज दुसऱ्या हौशी पट्ट्यात उमटतो. पूर्वी अशा मोजणीसाठी प्रयोगशाळा लागे. आता दूरचित्रवाणीसाठी बनलेल्या स्वस्त यूएसबी ग्राहीचा, ज्याला आरटीएल-एसडीआर म्हणतात, उपयोग करून विद्यार्थीही निदान ढोबळ परीक्षा घेऊ शकतो.

रिपीटर

दोन व्यावसायिक संच पाठीमागच्या जोडखोबणीतून एकमेकांना जोडले, की एकाने ऐकलेले दुसरा त्याच क्षणी पुन्हा बोलतो. हाच रिपीटर, म्हणजे पुनःप्रेषक. डोंगरमाथ्यावरील असा एक पुनःप्रेषक दऱ्यांतील शेकडो लहान संचांना आधार देतो. वाहनसंच सलग बोलण्यासाठी बनलेला नसल्याने त्याची शक्ती निम्म्यावर आणून वर पंखा बसवणे आवश्यक असते. खरी अडचण गाळणीची आहे. दोन मीटर पट्ट्यात ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या वारंवारतांत प्रथेने केवळ ६०० किलोहर्ट्‌झचे अंतर असते, तर व्यावसायिक यंत्रणेत ते काही मेगाहर्ट्‌झ असते. म्हणून भंगारात मिळणारे छोटे व्यावसायिक डुप्लेक्सर येथे कुचकामी ठरतात आणि सुमारे अर्धा मीटर उंचीच्या धातूच्या नळ्यांचे अनुनादक तयार करावे लागतात. जाणीवपूर्वक पाठवलेल्या संकेतानेच पुनःप्रेषक जागा व्हावा म्हणून आवाजाखाली ६७ ते २५४.१ हर्ट्‌झमधील एक मंद सूर मिसळतात. व्यावसायिक संचांत ही सोय बहुधा असतेच.

अँटेना आणि भूप्रदेश

पोलीस वाहनावरील अँटेना १६० मेगाहर्ट्‌झच्या आसपास कापलेली असते. दोन मीटर पट्ट्यासाठी पाव तरंगलांबीची काठी साधारण ४९ ते ५० सेंटिमीटर लागते, म्हणजे जुनी काठी चार-पाच सेंटिमीटर आखूड पडते. कापलेली काठी वाढवता येत नाही. नवी सायकलच्या आरीसारख्या ताठ पोलादी तारेची किंवा पितळी सळईची करता येते.

या वारंवारता जवळजवळ सरळ रेषेत प्रवास करतात. त्यामुळे अँटेनाची उंची शक्तीपेक्षा अधिक मोलाची ठरते. रेडिओ क्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर काढण्यासाठी उंचीच्या मीटरचे वर्गमूळ घेऊन त्याला ४.१२ ने गुणतात. अहिल्यानगर जिल्हा हा हिशेब समजून घेण्यास उत्तम आहे, कारण त्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुक्यात १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखर आहे, तर जिल्ह्याचे मुख्य शहर सुमारे ६५० मीटरच्या पठारावर वसले आहे. फरक जवळपास १,००० मीटरचा, म्हणजे क्षितिज १३० किलोमीटरवर. शिखरापासून शहर सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर आहे. कागदावर संपर्क जमेल असे दिसते, परंतु मध्ये संगमनेरकडची बाळेश्वराची रांग आडवी येऊ शकते. तेथे आकडेमोड थांबते आणि प्रत्यक्ष प्रयोग सुरू होतो. याउलट भंडारदऱ्याच्या खोऱ्यात, पाण्याच्या काठी उभ्या असलेल्या माणसाला २५ वॅटचा संचही डोंगरापलीकडे पोहोचवत नाही.

कायदा

भारतात हौशी सेवेचे नियमन केंद्रीय दळणवळण मंत्रालयाची बिनतारी नियोजन आणि समन्वय शाखा करते. १८८५ चा तार अधिनियम आणि १९३३ चा बिनतारी तारायंत्र अधिनियम हे या क्षेत्राचे दीर्घकाळचे आधार. त्यांची जागा घेणाऱ्या दूरसंचार अधिनियम २०२३ ची कलमे जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. हौशी सेवेचे स्वतंत्र नियम १९७८ चे असून त्यांत नंतर सुधारणा झाल्या. बारा वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती परीक्षा देऊ शकते. मर्यादित श्रेणीसाठी प्राथमिक इलेक्ट्रॉनिकी आणि नियम यांचा अभ्यास लागतो. सर्वसाधारण श्रेणीसाठी त्यात मोर्स लिपीची भर पडते. संकेतनामे अनुक्रमे व्हीयू३ आणि व्हीयू२ या अक्षरांनी सुरू होतात. शक्तीची मर्यादा श्रेणीनुसार ठरत असल्याने २५ वॅटचा पोलीस संच हाती आला म्हणून २५ वॅट वापरता येतीलच असे नाही. बहुतेक संचांत शक्ती कमी करण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा.

रूपांतरित संचाच्या बाबतीत काही बंधने विशेष लक्षात घ्यावी लागतात. स्मृतीतील सर्व जुन्या वाहिन्या पुसायला हव्यात. ‘फक्त ऐकण्यासाठी’ पोलिसांची वाहिनी राहू देणे हा बहाणा चालत नाही, आणि चुकून दाबलेल्या एका बटणाने अपघातस्थळाहून येणारा संदेश बुडू शकतो. पोलीस संचांत कधी कधी बोलणे गुप्त करणारे मंडल बसवलेले असते. हौशी सेवेत गुप्त भाषेला परवानगी नाही, म्हणून ते काढून टाकावे. विनापरवाना वापरता येणारे छोटे संच हा वेगळा वर्ग आहे : २०१८ पासून ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झमधील अल्पशक्तीच्या संचांना परवाना लागत नाही. परंतु एखादा जुना व्यावसायिक संच त्या वारंवारतेवर आणून ही सवलत घेता येत नाही, कारण सवलतीला शक्तीची मर्यादा आणि उपकरणाची मान्यता अशा दोन्ही अटी आहेत. संकेतस्थळांवरून होणाऱ्या वॉकीटॉकींच्या बेकायदा विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत.

आपत्तीकाळातील उपयोग

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपानंतर, तसेच २००१ चा भुजचा भूकंप आणि २००४ ची त्सुनामी या प्रसंगी हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनास हातभार लावला. २००४ च्या डिसेंबरात अंदमानात आधीच मोहिमेवर असलेल्या भारती प्रसाद यांनी तेथून चालवलेले केंद्र त्या बेटांचा बाहेरच्या जगाशी असलेला महत्त्वाचा दुवा ठरले. ते दीर्घ पल्ल्याचे काम लघुतरंगांवर झाले. व्हीएचएफ संचांचे क्षेत्र त्याहून निराळे आहे. छावणी ते रुग्णालय, धरण ते खालचे गाव, शोधपथक ते पायथा, असा पाच ते तीस किलोमीटरचा स्थानिक दुवा ते सांभाळतात. भ्रमणध्वनीच्या मनोऱ्याची विजेरी काही तासांत संपते. २५ वॅटचा वाहनसंच प्रेषण करताना सहा-सात अँपिअर घेतो, पण नुसता ऐकत असताना त्याला अर्ध्या अँपिअरहून कमी पुरतो. त्यामुळे ट्रॅक्टरच्या विजेरीवर तो दोन दिवस सहज चालू राहतो.

सद्यःस्थिती

नव्याने बाद होणारे संच अंकीय आहेत आणि त्यांचे रूपांतर पूर्वीइतके सरळ नाही. २००७ पासून बाजारात आलेल्या मोटोट्रबो मालिकेसारखे डीएमआर पद्धतीचे संच, योग्य पट्ट्याचा नमुना मिळाल्यास, हौशी जाळ्यांत वापरता येतात, कारण तेथे तीच पद्धत रूढ झाली आहे. पोलीस दलांत वापरले जाणारे टेट्रा संच मात्र जाळ्यावर अवलंबून असतात आणि त्यांच्या वारंवारताही बहुधा हौशी पट्ट्यांबाहेरच्या असतात. जुन्या सदृश संचांचा साठा दरवर्षी घटत असून त्यातील पुष्कळसा भाग तांब्या-ॲल्युमिनियमच्या वजनावर भंगारात जातो. त्यांच्या सेवापुस्तिका त्याहून दुर्मिळ झाल्या आहेत. ज्या कारखान्यांनी हे संच बनवले त्यांपैकी पनवायरसारखे काही बंद पडले. आज त्यांच्या एखाद्या संचाचे मंडलचित्र हवे असेल, तर ते बहुधा एखाद्या निवृत्त तंत्रज्ञाच्या कपाटातच सापडते.